माझ्या हातांनी वर नेलेला पाय

बाळांना आणि बाळंतिणींना न्हाऊ घालायचं हे माझं काम. कुंभकोणमात आमच्या आसपासच्या गल्ल्यांत अशी कितीतरी मुलं आहेत, जी आता मिसरूड फुटून मोटरसायकली फिरवतात आणि मला ओळखत नाहीत. पण त्यांची डोकी मी गोल केली आहेत, नाकं चिमटीत धरून सरळ केली आहेत. पाय लांब करून बसायचं, पायांवर बाळ आडवं घ्यायचं, कोमट तिळाचं तेल टाळूवर जिरवायचं, मग छाती, पोट, पाठ आणि शेवटी पाय. उजवा पाय डाव्या खांद्याला टेकवायचा, डावा उजव्या खांद्याला. बाळ रडतं, मी त्याच्याशी बोलत राहते. बाळांशी मी खूप बोलते. मोठ्या माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही. घरी आमची मराठी, दाराबाहेर तमिळ. दोन्हीत मी गप्पच असते.

मराठी अक्षरं वडिलांनी शिकवली. चौथीत शाळा सुटली तरी अक्षरं राहिली. हे जे लिहिते आहे ते कुणाला दाखवायला नाही. माझ्या मुलीच्या डाव्या पायाबद्दल मला एकदा सगळं नीट, पहिल्यापासून, लिहून काढायचं आहे.

मुलगी नऊ वर्षांची होती. शाळेला सुट्टी होती म्हणून तिला मी कामाच्या घरी बरोबर नेत असे. त्या घरची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. ती पुदुच्चेरीत लहानपणापासून बॅले शिकलेली, पुढे परदेशातही नाचलेली, लग्नानंतर चेन्नईत मुलांना शिकवणारी. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. म्हणून बाळ झाल्यावर ती माहेरीच राहिली. माझी मुलगी तिला मिस म्हणायला लागली आणि मग मीही.

चाळीस दिवस झाल्यावर मिसने अंग हलतं करायला सुरुवात केली. माडीवर मोठा हॉल होता. खिडकीचा गज एका हाताने धरून ती पाय हळूहळू बाजूला वर न्यायची. गुडघा आधी दुमडलेला, मग तो उलगडत जायचा, आणि पाय कमरेच्या वर, खांद्याच्या वर जाऊन तिथेच थांबायचा. चेहरा मात्र जसाच्या तसा, भाजी निवडत बसल्यासारखा. तिची आई बाळाला मांडीवर घेऊन बघत असायची. ती मला म्हणायची, "आपल्याकडे नाच म्हणजे पाय जमिनीवर आपटायचा, घुंगरू वाजवायचे. हिला पाय छताला लावायचाय. छताला काय लागलंय गं?"

माझी मुलगी दाराआड उभी राहून तसंच करून बघत होती. मिसने ते पाहिलं. तिला जवळ बोलावून घेतलं, तिचं पाऊल हातात घेऊन इकडून तिकडून वळवलं, टाच दाबून पाहिली. मी घाबरले. मला वाटलं मुलगी बोलणी खाणार.

"अक्का, हिला मी शिकवू?" तिने मला विचारलं.

मी नुसती मान हलवली. तेवढंच माझं बोलणं.

मिसने पुढे शनिवार-रविवार वर्गही काढला. सहा-सात मुली यायच्या, चांगल्या घरच्या, गुलाबी कपडे मागवून घेणाऱ्या. त्यातल्या बऱ्याच जणी वर्षाच्या आत कंटाळल्या. माझी मुलगी मात्र रोज संध्याकाळी जायची, कारण मी त्या घरी रोज होते. आधी बाळासाठी, मग बाळ मोठं झालं तरी मिसच्या आईचे गुडघे चोळायला. मी खाली गुडघे चोळत असायचे आणि वरून पियानोचे सूर आणि मिसचे तमिळ आकडे ऐकू यायचे, एक ते आठ, पुन्हा एक ते आठ.

माझे यजमान लग्नाच्या स्वयंपाकाला जातात. मुहूर्त असले की चार-पाच दिवस घरी नसतात, नसले की घरीच. त्यांना या नाचातलं काही कळत नव्हतं, मलाही नव्हतं, पण त्यांनी त्याला एक माप शोधून काढलं. मुलगी आमच्या पुढच्या खोलीत भिंतीला हात लावून पाय बाजूला उचलायची. ते समोर चहा घेऊन बसायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितल्यासारखं तिच्याकडे बघून म्हणायचे, "आज सव्वानऊ."

"अप्पा, साडेनऊ तरी म्हणा!"

"तुझं घड्याळ मागे पडतंय. कंबर सरळ कर, मग सांगतो."

पाय कमरेइतका आडवा म्हणजे नऊ. खांद्याला पोचला म्हणजे दहा. कानाजवळ गेला की अकरा. "आणि बारा वाजले की काय करायचं?" ती विचारायची. "बारा वाजले की जेवायचं," ते म्हणायचे. त्या दिवसांत आमच्या घरात हसणं खूप होतं. मीही हसायचे.

चेन्नईत बॅलेचं शिक्षण देणारं एक ठिकाण होतं. तिथे दरवर्षी थोडी मुलं निवडून घेत. राहायची सोय, शाळाही तिथूनच. तेरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत निवड झाली तरच घेत, पुढे नाही. शिकवणाऱ्याची चिठ्ठी लागे आणि एका शिक्षकाने वर्षाला एकाच मुलाची चिठ्ठी द्यायची असा तिथला रिवाज. मुलीला बारा वर्षं पूर्ण झाली होती. मिसने तिच्या नावाची चिठ्ठी दिली. आमच्या घराण्यात कुणी तिरुनागेश्वरम् आणि तंजावर सोडून पलीकडे शिकायला गेलेलं नव्हतं. मुलीला त्या निवडीपलीकडे काही दिसतच नव्हतं. झोपेतसुद्धा तिची पावलं ताणलेली असायची.

निवडीच्या दोन महिने आधी मिसने मला माडीवर बोलावलं. मुलीला पाय बाजूला उचलायला सांगितला. उजवा पाय खांद्याइतका जाऊन आठ आकडे थांबला. डावा जायचा, पण चौथ्या आकड्याला खाली यायचा.

"आता बघा," मिस म्हणाली. तिने तोच डावा पाय टाचेखाली हात घालून वर नेला. तो सहज मुलीच्या कानापर्यंत गेला. मग मिसने हात काढला, आणि पाय लगेच कमरेपर्यंत घसरला.

"हाताने जिथपर्यंत जातो ती हाताची उंची, अक्का. हात काढल्यावर राहतो ती तिची. मला तिची उंची वाढवायची आहे. तिचा पाय सैल आहे, पण त्याला वर धरून ठेवणारं बळ कमी पडतंय."

मी मान हलवली. मला ते पटलं होतं असं मला तेव्हा वाटलं.

मग घरचा अभ्यास सुरू झाला. पाठीवर निजून गुडघा छातीशी आणायचा, हात सोडायचे आणि हातांशिवाय पाय उलगडायचा. ऑटो स्टँडजवळच्या सायकलच्या दुकानातून यजमानांनी जुनी ट्यूब आणली. तिचा फेरा पावलाभोवती घेऊन ताणायचा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, कारण ज्या पायावर उभं राहायचं तोही पक्का लागतो. पोट आत घेऊन पाटासारखं ताठ राहायचं. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे खिडकीचा कठडा. आमच्या खिडकीचा कठडा तिच्या कमरेच्या थोडा वर येतो. त्यावर टाच ठेवायची, दोन्ही अंगठे कमरेच्या हाडांवर ठेवायचे म्हणजे एक बाजू वर चढली तर कळतं, आणि टाच कठड्यावरून एक बोट वर उचलून आठ आकडे धरायची. मोजायचं काम माझं. टाच आणि कठडा यांच्यामधून मी माझा तळहात आडवा सरकवायचे. हात मोकळा गेला तर बरोबर. टाच हाताला लागली तर पुन्हा पहिल्यापासून.

रोज वीसदा ती हे करायची. घामाने केस मानेला चिकटायचे. मांडी थरथरायची, ते थरथरणं मला टाचेतून हाताला कळायचं. अंग असं गरम झालं की शेवटी थोडंसं ताणायचं, श्वास सोडत, दुखेपर्यंत नाही. हा क्रम मिसने मला तीनदा सांगितला होता. आधी बळ, मग ताण, आणि ओढायचं कुणी नाही.

महिन्याभरात डावा पाय पाचव्या आकड्यावर आला. मग सहाव्यावर. मग तिथेच राहिला.

निवडीला तीन आठवडे उरले असताना मिसचा नवरा जहाजावरून कोचीला उतरला. ती लेकराला घेऊन दोन आठवड्यांसाठी तिकडे गेली. जाताना मुलीला म्हणाली, "जे चाललंय तेच चालू ठेव. नवीन काही नको. धावणं नको, उड्या नकोत. हे तीन आठवडे तुझं अंग म्हणजे काचेचं भांडं, समजलं?" मग माझ्याकडे वळून, "अक्का, तुमच्यावर सोपवून जाते."

पहिल्या आठवड्यात सहा आकडेच राहिले. एका दिवशी तर पुन्हा पाच. मुलगी खिडकीखाली फतकल मारून बसली.

"आई, उजवा माझं ऐकतो. डावा ऐकतच नाही गं."

"ऐकेल."

"कधी? ते मला एकदाच बघणार आहेत. डावा पाय दाखवायला उद्या येते म्हणून सांगू त्यांना?"

यजमान पंचवीस पानांच्या एका मुंजीच्या स्वयंपाकाला मरुदानल्लूरला गेले होते. घरात आम्ही दोघीच. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि माझ्या मनात जे आलं ते आजही तसंच आठवतं. मला वाटलं, मिसला नाचातलं कळतं, पण पायांतलं मला कळतं. जन्मतः पाय आखडलेली मुलं माझ्याकडे आली आहेत. नर्स म्हणाली होती, वेळ लागेल. मी आठ दिवसांत तेल आणि ऊन पाण्याने त्यांचे पाय कमळासारखे उघडले आहेत. हिला जन्मल्या दिवसापासून मीच न्हाऊ घातलं आहे. हा पाय मला ठाऊक नसेल तर कुणाला? कुठेतरी आत अजून थोडं आखडलेलं आहे, म्हणून त्याला वर धरायला एवढं बळ लागतं. आतून मोकळा केला की आपोआप राहील. मिसने हाताची उंची आणि तिची उंची असं जे दाखवलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं; माझ्या हातांना ते पोचलंच नव्हतं.

त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्याकडे बायका तेल लावून न्हातात, आणि न्हाल्यावर त्या दिवशी अंगमेहनत करायची नाही, ऊन अंगावर घ्यायचं नाही, असं सगळेच पाळतात. अंग सैलावलेलं असतं, डोळे मिटायला लागतात. ते सैलावलेपणच मला हवं होतं.

मी तिळाचं तेल मिरे टाकून तापवलं. तिच्या कमरेपासून पावलापर्यंत तासभर जिरवलं. मग कढत पाणी आणि शिकेकाई. ती न्हाऊन आली तेव्हा लहानपणी दिसायची तशी दिसत होती, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मी तिला चटईवर उताणं निजवलं.

"आज कठडा नको?" तिने विचारलं.

"आज नको. आज मी करते. तू सैल सोड."

"मिस ओढू नको म्हणाल्यात."

"मी ओढत नाहीये. बाळांचं करते तसं करतेय."

ती हसली. "मग अंगाईपण म्हण."

मी खरंच गुणगुणायला लागले. एक हात तिच्या टाचेखाली, दुसरा गुडघ्यावर, गुडघा वाकू नये म्हणून. पाय तिच्या डोक्याकडे नेला. कानापर्यंत सहज आला. मग थोडा पुढे. ती म्हणाली, "पुरे." मी म्हटलं, "श्वास सोड." तिने सोडला, आणि मी अंगाचा भार टाकला.

आवाज असा झाला नाही. माझ्या हाताला कळलं. ओली शेंग मोडावी तसं काहीतरी मांडीच्या मागे, बसायच्या हाडाजवळ, तुटलं. तिने आरोळी मारली नाही. तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. मी पाय खाली ठेवला, पण तो ठेवतानाही तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या नखांच्या खुणा माझ्या हातावर बरेच दिवस राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिला उभं राहता येईना. तिसऱ्या दिवशी मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत काळंनिळं उतरलं. हाडांच्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि विचारलं, "कसं झालं?" मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. त्याआधी तीच म्हणाली, "पायऱ्यांवरून घसरले." डॉक्टरांनी लिहिलं, स्नायू फाटला आहे, दोन महिने पायावर ताण नाही. त्यांना दुसरं काही विचारायचं नव्हतं.

यजमान परत आले. त्यांनाही तिने तेच सांगितलं. ते मला रागावले, "तू काय करत होतीस?" मी चुलीकडे तोंड करून उभी होते. मुलगी म्हणाली, "आईला कशाला बोलता, अप्पा? ती तिथे नव्हती."

मी तिथे नव्हते. हे वाक्य मी ऐकलं आणि गिळलं. ती एकटी असताना मी तिला विचारलं, "असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? तू केलंस म्हणून सांगू?" ती म्हणाली. "उद्या तुझ्याकडे बाळ कोण देईल?"

बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात ते आलं. खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात ते तिच्या आधी आलेलं होतं.

आठवड्याने मिस आली. निवडीला आठवडा उरला होता. ती प्रवासाच्या कपड्यांतच आमच्या घरी आली, चटईशी बसली, मुलीचा पाय न हलवता नुसती बोटं फिरवून बघितली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"कुठे पडलीस?"

"तळ्याच्या पायऱ्यांवर. मैत्रिणींबरोबर. उड्या मारत होतो."

"उड्या?"

मुलगी खाली बघत राहिली. मिसने तिच्या पायावरून हात काढला. मग म्हणाली ते मला शब्दन् शब्द आठवतं. आम्ही तिघीच होतो. पंखा वर फिरत होता.

"माझ्या वर्गात माझ्या हातून झालं असतं, किंवा घरी कुणाच्या चुकीने झालं असतं, तर मी आज त्यांना लिहिलं असतं. मुलीचा दोष नाही, तीन महिन्यांनी हिला बघा. ते ऐकतात माझं. आधी एका मुलासाठी त्यांनी असं केलंय. तेरा व्हायला हिला अजून पाच महिने आहेत, वेळ होता. पण तीन आठवडे आधी, मी सांगून गेल्यावरही, ही पायऱ्यांवर उड्या मारते. त्यांना मी काय लिहू? अंग सांभाळता येत नाही त्या मुलीची मी हमी कशी घेऊ?"

मुलीने तेव्हा माझ्याकडे बघितलं. एकदाच. रागाने नाही, काही मागतही नव्हती. नुसतं बघितलं, जसं दार उघडं आहे का ते आपण बघतो.

मिस माझ्याकडे वळली. "अक्का, तुम्ही तरी लक्ष ठेवायचं होतं."

माझ्या हातात पदराचं टोक होतं. मी ते बोटाला गुंडाळत होते आणि सोडवत होते. तीन शब्द लागले असते. मी केलं हे. तमिळमध्ये तर दोनच. माझ्या घशात ते आले होते, आणि त्यांच्या मागोमाग सगळी घरं आली, सगळी बाळं, त्यांच्या आज्या आणि त्यांचं आपसातलं बोलणं. मी मान हलवली. नेहमी हलवते तशी.

मिस उठून गेली. मुलीने भिंतीकडे तोंड केलं.

मी लाजरी आहे, माझ्यात धीर नाही, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. ते खरं आहे आणि पुरेसं नाही. धीर नसलेली बाईही लेकरासाठी बोलते. मी मोजून बघितलं आणि गप्प राहिले.

पाय भरून आला. चार महिन्यांनी ती पुन्हा माडीवर गेली. मिस शिकवायची, पण आता बाकीच्या मुलींना शिकवते तशी. चूक झाली की पूर्वी ओरडायची. आता नुसतं "ठीक" म्हणून पुढे जायची. मुलीने मान खाली घालून तेही केलं. खिडकीच्या कठड्यावर ती पुन्हा टाच उचलायला लागली, पण मला मोजायला बोलवेना. स्वतःच मोजायची. एकदा मी सवयीने तळहात पुढे केला तर तिने पाय खाली घेतला. त्या वर्षी तिला तेरावं पूर्ण झालं. वाढदिवसाला यजमानांनी रवा केसरी केला. पाय वर करून दाखव, असं त्यांनी म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, त्यात आता काय बघायचंय?" आणि त्यानंतर तिने वर्गाला जाणं सोडलं. भांडली नाही, रडली नाही. एका सोमवारी गेली नाही, मंगळवारीही गेली नाही.

मी त्या घरी जात राहिले. गुडघे चोळत राहिले. वर पियानो वाजायचा, दुसऱ्याच मुली असायच्या. मिस जिन्यावर भेटली की विचारायची, "कशी आहे?" मी म्हणायचे, "बरी आहे."

दोन वर्षं अशी गेली. मग मिसच्या नवऱ्याने जहाज सोडलं आणि चेन्नईत नोकरी धरली. ती सगळं आवरून जायला निघाली. जायच्या आदल्या दिवशी मी दुपारी गेले. माडीवर ती खोके बांधत होती. मी दारात उभी राहिले, आणि आत न जाताच बोलले. कसं सुरू केलं ते आठवत नाही. तेल, शुक्रवार, चटई, टाच, गुडघा, सगळं सांगितलं. ती पायऱ्यांवर गेलीच नव्हती हेही सांगितलं.

मिसने हातातली दोरी खाली ठेवली. "तुमचे हात कुठे होते?"

तिने स्वतः जमिनीवर निजून आपला पाय वर केला. मी तिच्याजवळ बसले आणि दाखवलं. एक हात टाचेखाली, एक गुडघ्यावर.

"आणि भार टाकलात."

"हो."

"न्हाल्यानंतर. मेहनत न करता, थंड अंगाने."

"हो."

ती उठून बसली. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती म्हणाली, "दोन वर्षं मी त्या मुलीशी तोडून वागले." मग उभी राहून तिने खिडकीचा गज धरला. "उद्या अकराला आम्ही निघतो. सकाळी तिला घेऊन या. तिकडे आता काही होणार नाही, वय गेलं. पण मला तिच्याशी बोलायचंय."

मी जवळजवळ धावत घरी आले. मुलगी दहावीचं पुस्तक घेऊन बसली होती. मी तिला सांगितलं, मी सगळं सांगून आले. मला वाटलं, काय वाटलं ते लिहायलाही लाज वाटते. मला वाटलं ती माझ्या गळ्यात पडेल.

तिने पुस्तकात बोट घालून ते मिटलं.

"का सांगितलंस?"

"खरं आहे म्हणून."

"तेव्हाही खरंच होतं." तिचा आवाज चढला नाही. "दोन वर्षं मी तिच्यासमोर वाईट मुलगी होऊन उभी राहिले. तुझ्यासाठी. आता काही मिळायचं राहिलं नाही, तेव्हा तू जाऊन चांगली झालीस."

"उद्या बोलावलंय तिने तुला."

"कशाला? ती सॉरी म्हणणार, मी ठीक आहे म्हणणार, तू तिथे उभी राहून रडणार. मला शाळा आहे."

"मी तिला काय सांगू?"

"मी जे म्हटलं ते सांग. जमलं तर."

सकाळी ती शाळेला गेली. मी एकटीच गेले. दारात मोटार उभी होती, सामान चढत होतं. मिसने माझ्यामागे रस्त्याकडे बघितलं आणि तिला कळलं. "काय म्हणाली?" तिने विचारलं.

मी सांगितलं. मुलीचे शब्द तमिळमध्ये आणताना मध्ये मध्ये अडले, पण एकही गाळला नाही. तू चांगली झालीस, हेही. मिसची आई ओट्यावर होती, ड्रायव्हर होता, शेजारची बाई होती. सगळ्यांसमोर सांगितलं. मिस ऐकत राहिली. शेवटी तिने माझा हात धरला, मग मोटारीत जाऊन बसली.

संध्याकाळी मुलगी शाळेतून आली. दप्तर ठेवलं, हातपाय धुतले. मी ताट वाढलं.

"गेल्या?"

"गेल्या."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. लोक होते तिथे."

तिने माझ्याकडे बघितलं. थोडा वेळ भात कालवत राहिली, मग म्हणाली, "रसम वाढ." मी वाढलं. जेवून ती उठली, आपलं ताट धुतलं, आणि पाण्याचा लोटा घेऊन वर गच्चीवर अभ्यासाला गेली. जिना चढताना तिचा डावा पाय अजून किंचित मागे राहतो. ज्याला ठाऊक नाही त्याला ते दिसत नाही.